फरशीवरचा नकाशा

शनिवार सकाळ. ऑनसाईट आलेल्या आम्हा चौघांचा बेत आठवडाभर आधी ठरलेला होता : टेबल माउंटन. पण केपटाऊनला फेब्रुवारीत जो काही वारा सुटतो ना, तो कोणाच्याही बेताला जुमानत नाही. केबल कार बंद. डोंगरावर ढगांची पांढरी चादर, आणि खाली आम्ही चौघं टोप्या धरून उभे.

तिघं मॉलमध्ये गेले. मॉल आपल्याकडे काय कमी आहेत? मी एकटाच शहरात भटकत निघालो. भटकता भटकता बाइटनकांट स्ट्रीटवर एक जुनं चर्च दिसलं. बाहेर पाटी, 'डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम'. तिकीट फार महाग नव्हतं, बाहेर वारा होता, आत गेलो. इतकं साधं कारण. उगाच इतिहासाच्या ओढीनं वगैरे गेलो असं म्हणणार नाही.

म्युझियम म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर शाळेची सहल येते. दोन-दोनची रांग, काचेच्या कपाटात तलवारी, 'वस्तूंना हात लावू नये' ही पाटी, आणि 'वहीत लिहून घ्या रे' म्हणणाऱ्या बाई. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळं रीड-ओन्ली. बघा, आणि पुढे सरका.

इथे आत पाऊल टाकलं आणि थबकलो. कारण जमिनीवर, बऱ्याचशा हॉलभर, एक नकाशा रंगवलेला. गल्ल्या, चौक, रस्त्यांची नावं. आणि त्यावर पेनानं लिहिलेली शेकडो नावं! कुठे आडनाव, कुठे घर नंबर. मी कडेकडेनं चालायला लागलो. बाजूला उभे असलेले एक गृहस्थ हसले आणि म्हणाले, "चाला की वरून. रस्तेच आहेत ते."

हे तिथले गाईड. साठी केव्हाच ओलांडलेले. आपल्याकडे असते तर मी त्यांना काकाच म्हटलं असतं, म्हणून इथेही काकाच म्हणतो. त्यांनी बुटाच्या टोकानं नकाशावरचा एक कोपरा दाखवला. "हे आमचं घर."

आता थोडा इतिहास. कंटाळू नका, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

केपटाऊन नगरपालिकेनं १८६७ मध्ये शहराचे भाग पाडले, त्यातला सहावा तो डिस्ट्रिक्ट सिक्स. आपल्याकडे 'सहावा वॉर्ड' म्हणावं तसं. बंदर जवळ, त्यामुळे वस्ती सगळी मिसळीसारखी : गुलामगिरीतून सुटलेल्यांचे वंशज, गोदी कामगार, शिंपी, मलायी मुसलमान, पूर्व युरोपातून आलेले ज्यू, आफ्रिकन, भारतीय. हॅनोव्हर स्ट्रीट हा मुख्य बाजाररस्ता. सिनेमाला तिथे बायोस्कोप म्हणायचे. स्टार, अॅव्हलॉन, ब्रिटिश, नॅशनल अशी थिएटरं होती. मशीद, चर्च, सिनेगॉग हाकेच्या अंतरावर.

१९४८ मध्ये वर्णद्वेषी राजवट आली. १९५० मध्ये दोन कायदे झाले. एकानं प्रत्येक माणसाच्या नावापुढे वंशाचा शिक्का मारला आणि दुसऱ्यानं, म्हणजे ग्रुप एरियाज अॅक्टनं, कोणत्या शिक्क्याच्या माणसानं शहरात कुठे राहायचं ते ठरवलं. ११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारनं जाहीर केलं की डिस्ट्रिक्ट सिक्स हा गोऱ्यांचा भाग आहे. तिथे गोरे जवळजवळ राहतच नव्हते, ही गंमत बघा. बहुतेक लोक 'कलर्ड' म्हणजे मिश्रवंशीय या शिक्क्याचे. १९६८ पासून घरं रिकामी करायला आणि पाडायला सुरुवात झाली, ती ऐंशीच्या दशकापर्यंत चालली. साठ हजारांहून जास्त माणसं उचलून केप फ्लॅट्स नावाच्या वाळूच्या, वाऱ्याच्या माळरानावर नेऊन टाकली. एकाच घरातले वेगवेगळ्या शिक्क्यांचे लोक वेगवेगळ्या वस्त्यांत गेले.

प्रार्थनास्थळं तेवढी पाडली नाहीत. बाकी सगळा भाग बुलडोझरनं सपाट. त्याचं नावसुद्धा बदललं, झोनेब्लूम केलं. पण गोरे काही तिथे राहायला आले नाहीत. एक टेक्निकल कॉलेज उभं राहिलं, थोडी घरं झाली, आणि डोंगराच्या पायथ्याशी, शहराच्या ऐन मोक्याच्या जागी, गवताचं मोकळं रान वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. रिअल इस्टेटच्या हिशेबानं बघितलं तरी हा वेडेपणाच!

तर म्युझियम कुठून आलं? ऐंशीच्या दशकात एका मोठ्या तेल कंपनीनं त्या रिकाम्या जागेवर नवं बांधकाम करायचा विचार जाहीर केला. त्यावर जुने रहिवासी आणि कार्यकर्ते उठले, 'हँड्स ऑफ डिस्ट्रिक्ट सिक्स' नावाची चळवळ झाली. तिच्यातूनच १९८९ मध्ये म्युझियमसाठी फाउंडेशन स्थापन झालं. लक्षात घ्या, तेव्हा त्यांच्याकडे ना इमारत, ना वस्तू. 'आपण इथे होतो' एवढीच गोष्ट हातात. १९९२ मध्ये या मेथडिस्ट चर्चमध्ये फोटोंचं प्रदर्शन भरवलं. मग डिसेंबर १९९४ मध्ये, मंडेला निवडून आले त्याच वर्षी, 'स्ट्रीट्स' नावाचं प्रदर्शन उघडलं. काही आठवडे चालेल अशा हिशेबानं लावलेलं. ते बंद झालंच नाही!

का नाही झालं? कारण लोक यायला लागले. फ्लॅट्सवरून बस-ट्रेननं, मुलं-नातवंडं घेऊन. आले की नकाशावर आपली गल्ली शोधायची, गुडघ्यावर बसून नाव लिहायचं. मग बाजूचा माणूस म्हणायचा, अहो, तुम्ही म्हणजे त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याची मुलगी ना? वीस-पंचवीस वर्षांनी शेजारी शेजाऱ्याला भेटायचा, तेही त्याच गल्लीत, फक्त ती आता चर्चच्या फरशीवर होती. मी हे बघितलेलं नाही, काकांकडून ऐकलेलं सांगतोय. पण त्यांना सांगताना बघितलं, तेवढं पुरे झालं.

नकाशाच्या जोडीला कापड होतं. पांढऱ्या कापडाचा तागा ठेवायचे, येणाऱ्यानं त्यावर नाव, पत्ता, मनात येईल ते लिहायचं. नंतर बायका त्या अक्षरांवर दोऱ्यानं भरतकाम करायच्या, म्हणजे शाई उडाली तरी अक्षर राहील. आम्ही डेटा बॅकअपच्या गप्पा मारतो... हा खरा बॅकअप.

हॉलमध्ये रस्त्यांच्या जुन्या पाट्या टांगलेल्या आहेत, निळ्या-पांढऱ्या, खऱ्याखुऱ्या. त्यांची गोष्ट तर अजबच. पाडकामावर जो मुकादम होता, त्याला डेब्रिसबरोबर पाट्याही समुद्रात टाकायच्या होत्या. त्यानं त्या टाकल्या नाहीत. घरी नेऊन ठेवल्या, आणि म्युझियम झालं तेव्हा दिल्या. दिवसा घरं पाडायची आणि संध्याकाळी पाटी उचलून घरी न्यायची. त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल? मी बराच वेळ त्या पाट्यांखाली उभा होतो, पण ठरवता आलं नाही.

बरं, हे सगळं 'भूतकाळाच्या रम्य आठवणी' म्हणून सोडून देता आलं असतं. पण मधे जमिनीचा प्रश्न होता. १९९४ च्या कायद्यानं, १९१३ नंतर वंशभेदी कायद्यांमुळे जमीन गमावलेल्यांना दावा करता येऊ लागला. मुदत ३१ डिसेंबर १९९८. आणि डिस्ट्रिक्ट सिक्समधले बहुतेकजण मालक नव्हतेच, भाडेकरू होते. पण या कायद्यात भाडेकरूलाही दावा करता येत होता. आता विचार करा, तीस वर्षांपूर्वी भाड्यानं राहणाऱ्या, घराबाहेर काढलेल्या माणसाकडे कागद कुठला? फरशीवरचं नाव म्हणजे कोर्टातला पुरावा नव्हे, मान्य. पण दावा करायला आधी स्वतःला पटावं लागतं की आपलं काहीतरी होतं. सरकारनं वर्षानुवर्षं सांगितलेलं, ती झोपडपट्टी होती, गुन्हेगारीचा अड्डा होता, पाडली ते बरंच केलं. ते ऐकत मोठा झालेला माणूस एकटा घरात बसून दावा करत नाही. शंभर जणांमध्ये उभा राहिला की करतो. माझ्या मते त्या मेळाव्यांचं खरं काम हे होतं.

११ फेब्रुवारी २००४ ला, म्हणजे त्या घोषणेला बरोबर ३८ वर्षं झाली त्या दिवशी, नेल्सन मंडेलांनी परतणाऱ्या पहिल्या दोन रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या दिल्या. इब्राहिम मुरात आणि डॅन न्झाबेला. दोघंही ऐंशी पार केलेले.

इथे पिक्चर संपला असता तर बरं झालं असतं. पण पुढचं काम इतकं रेंगाळलं की कित्येक दावेदार वाट बघता बघता वारले. जुनं नाव अधिकृतपणे परत यायला २०१९ उजाडावं लागलं. म्युझियमनं घरं बांधून दिली नाहीत, ते त्याच्या हातातही नव्हतं. विषय विसरू दिला नाही, हे मात्र खरं.

काकांना मी विचारलं, सगळ्यांनी नावं लिहून झाली, जमीन मागून झाली, आता लोक कशाला येतात? ते म्हणाले, "जेवायला."

थट्टा नव्हती. म्युझियमनं 'हाउस कॉम्बाउस' नावाचा उपक्रम चालवला, आफ्रिकान्समध्ये म्हणजे घरचं स्वयंपाकघर. जुन्या रहिवासी बायका जमायच्या, जुने पदार्थ आठवायच्या, त्यांच्या पाककृती कापडावर भरतकामानं उतरवायच्या. २०१६ मध्ये त्याचं जाडजूड पुस्तक निघालं. रविवार सकाळचे पाकातले कूसिस्टर, ईस्टरचे मसाल्यात मुरवलेले मासे, टोमॅटो घातलेलं मटण. घर पाडता येतं, आईच्या हाताची चव कशी पाडणार? जवळच्या जुन्या कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत म्युझियमनं 'होमकमिंग सेंटर' केलं. तिथे सभा, नाटकं, गाणी, शाळांच्या कार्यशाळा. आणि जुने रहिवासी लोकांना त्या मोकळ्या माळावर फिरवून आणतात. जिथे काहीच नाही तिथे उभं राहून सांगतात, हे सलून, हा मासळीबाजार, इथे नळ.

म्युझियमच्या सुरुवातीपासून गाईडचं काम केलेले नूर इब्राहिम यांची कबुतरांची गोष्ट तिथे सगळ्यांना माहीत आहे, त्यांनी ती पुस्तकातही लिहिली आहे. घर सोडावं लागलं तेव्हा त्यांनी आपली कबुतरं नव्या वस्तीत नेली. काही महिने पिंजऱ्यात ठेवली, सवय व्हावी म्हणून. मग एक दिवस सोडली, आणि रात्रीपर्यंत एकही परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी कामाला जाताना ते जुन्या गल्लीवरून गेले, तर पाडलेल्या घराच्या जागी सगळी कबुतरं बसलेली. ग्रुप एरियाज अॅक्ट कबुतरांना कोणी वाचून दाखवला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आफ्रिकेतलं, आपला काय संबंध? मलाही तसंच वाटत होतं. मी भारतातून आलोय हे कळल्यावर काकांनी विचारलं, भारतात कुठून? महाराष्ट्र म्हटलं, तर चेहऱ्यावर काही दिसेना. आईचं गाव सांगितलं, खेडजवळ, कोकणात. तसे ते एकदम म्हणाले, "कोकणी! आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार कोकणी होता. उधारीवर द्यायचा."

मी उडालोच. रात्री हॉटेलवर बसून वाचत सुटलो. केपटाऊनच्या भारतीय मुसलमानांमध्ये बरेचजण मूळचे कोकणी. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला बोटीनं आलेले. पुष्कळांनी किराण्याची छोटी दुकानं टाकली. १९०२ मध्ये केप कॉलनीनं कायदा करून नव्यानं येणाऱ्याला एखादी युरोपीय भाषा लिहिता आली पाहिजे अशी अट घातली, ती मुख्यतः यांनाच अडवायला. म्हणजे मी व्हिसा आणि लॅपटॉप घेऊन ज्या शहरात उतरलो, तिथे शंभर वर्षांपूर्वी माझ्या आजोळच्या आसपासची माणसं कदाचित खिशात एक पत्ता घेऊन उतरली असतील. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात यातलं एक अक्षर वाचल्याचं मला आठवत नाही. मी ते ऐकलं एका केपटाऊनच्या काकांकडून, फरशीवर उभं राहून.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अशा ठिकाणी आठवणींना साखर लागते. 'आम्ही सगळे किती गुण्यागोविंदानं राहायचो' हे वाक्य प्रत्येक पाडलेल्या वस्तीबद्दल ऐकू येतं. डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये दाटी होती, घरमालक डागडुजी करायचे नाहीत, टोळ्या होत्या. आणि सगळ्यात अवघड भाग म्हणजे, १९०१ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा आफ्रिकन रहिवाशांना शहराबाहेरच्या छावणीत हाकललं, जिथे पुढे न्डाबेनी वस्ती झाली. म्हणजे पहिलं विस्थापन १९६६ नंतरचं नव्हेच. पण आठवणींमध्ये ते सहज गळून पडतं, कारण आठवणी सांगायला ती माणसं तिथे नसतात.

म्युझियमनं हे झाकलेलं नाही, हे मला आवडलं. तिथे एक खोली उभारली आहे, 'नॉमवुयोची खोली'. नॉमवुयो एन्गसेल्वाने या आफ्रिकन बाईंनी आपल्या डिस्ट्रिक्ट सिक्समधल्या बालपणाबद्दल १९९८ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यांच्या घरची ही एक खोली. त्याच खोलीत झोपणं, त्यातच स्वयंपाक, त्यातच पाहुणे. ती बघितली की 'रम्य'चं भूत उतरतं. लोकांना लिहायची मुभा दिली की एकच गोड गोष्ट लिहिली जाईल असं नाही, कोणीतरी येऊन 'मीसुद्धा होते' म्हणून वेगळं लिहून जातं. काचेच्या कपाटात हे होत नाही.

निघताना काका म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ११ तारीख आहे. या." दर वर्षी ११ फेब्रुवारीला जुने रहिवासी जमतात, चालत त्या माळावर जातात, आणि प्रत्येकजण दगडांच्या ढिगावर एक दगड ठेवतो. मी नक्की येतो म्हटलं.

गेलो नाही. कामाचा दिवस होता, क्लायंटकडे डेमो होता. मॅनेजरला दोन तासांची सुट्टी मागितली असती तर मिळालीही असती, पण मागितलीच नाही. एका दगडासाठी काय सांगायचं, असं वाटलं. संध्याकाळी डेमो छान झाला म्हणून सगळ्यांनी पिझ्झा खाल्ला. ती गोष्ट अजून खुपते.

भारतात परत आल्यावर एका रविवारी बाबांसमोर कोरा कागद ठेवला. त्यांचं बालपण परळच्या चाळीत गेलं. ती चाळ आता नाही, तिथे टॉवर आहे. गैरसमज नको, आमच्यावर कोणी शिक्का मारला नव्हता, पैसे घेऊन, सह्या करून आम्ही निघालो. तिकडचं आणि इकडचं एक नाही. पण आजीची खोली कितवी होती हे मला सांगता येत नव्हतं, आणि ते विचारायला मला आठ हजार किलोमीटरहून जास्त लांब जावं लागलं.

बाबा आधी म्हणाले, "कशाला रे? टॉवर झाला की आता." मग चष्मा लावला. मग जिना काढला. मग सामाईक नळ. मग पेन्सिल खाली ठेवून आत आईला हाक मारली, "अगं, नळाच्या डावीकडे कोण राहायचं गं? माझ्या मुंजीला ज्यांनी पातेली दिली होती ते?" आईचं लग्न नंतरचं, तिला कसं माहीत असणार! मग आत्याला फोन. आत्या म्हणाली नळ उजवीकडे होता. अर्धा तास वाद.

नकाशा अजून पुरा झालेला नाही. पुढच्या रविवारी आत्या येणार आहे, स्वतः खोडरबर घेऊन. येताना शेजारच्या खोलीतल्या तिच्या मैत्रिणीलाही आणते म्हणाली. घरी पोहे करायचे ठरलेत.

तुमच्या गावातल्या, शहरातल्या म्युझियममध्ये शेवटचे कधी गेला होतात? आणि तिथे कोणी तुम्हाला काही विचारलं होतं का? असो. सोमवार आहे उद्या.